जीभ उचल

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "कोर्स किती महिन्याचा?"

डॉक्टर म्हणाले, कोर्स नाही. हा आजार राहतो. कधी शांत असतो, कधी उसळतो. औषधं कायम.

बाबांचं मग परत तेच. "ते समजलं साहेब. पण सहा का नऊ?"

मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. हसताना पोट दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं हे आज कळलं.

क्रोन्स. डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलं, मला नीट म्हणता यावं म्हणून. कापून काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट आला — टीबी नाही. म्हणजे उन्हाळ्यापासून गिळलेल्या त्या लाल गोळ्या, ती लाल लघवी, रोजच्या ओकाऱ्या, सगळं फुकट. डॉक्टर म्हणाले, चूक कुणाची नाही, आपल्याकडे दोन्ही आजार आतून सारखेच दिसतात. दिसत असतील. गोळ्या चालू होत्या आणि आतडं आतल्या आत आवळत होतं. आमच्या कोर्टाला दिवाळीची सुटी लागली त्याच आठवड्यात ते पूर्ण बंद पडलं आणि मला रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणून कापावं लागलं.

टीबी असता तर बरं झालं असतं. हे कोणासमोर बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांबद्दल लिहून ठेवते. पुढे त्यांचा राग येईल तेव्हा वाचायला उपयोगी पडेल.

ते उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत पंपावर होते. मी चौथीत असताना त्यांना टीबी झाला आणि पूर्ण बराही झाला. त्यानंतर सरकारी दवाखान्याने वस्तीतल्या टीबीवाल्यांच्या गोळ्या त्यांच्याकडे ठेवायला दिल्या. लोक दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या नालीत टाकतात, म्हणून त्या कोणासमोर तरी गिळायच्या असतात. ते समोर बसणारे आमचे बाबा. गोळीवाले बाबूजी.

माझं लहानपण म्हणजे सकाळी अंगणात मी दात घासते आहे आणि पायरीवर कोणीतरी माणूस तोंड वासून बसला आहे. "गिळ. तोंड उघड. जीभ उचल." रोज. शिव्या नाहीत, उपदेश नाही. धोंडबा म्हणून एक होता, तो जिभेखाली गोळी धरून ठेवायचा आणि मागे जाऊन थुंकायचा. बाबांनी एकदा पकडलं. ओरडले नाहीत. त्याच्यासमोर नुसते बसून राहिले. ड्युटी बुडाली तरी उठले नाहीत. शेवटी धोंडबानेच कंटाळून गिळली. अजून जिवंत आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा पाठवतो.

कोर्स संपला की बाबा म्हणायचे, "झाली तुही सुटी." त्या दिवशी तो माणूस आमच्याकडे मटण जेवायचा. आई रांधायची. आई होती तोवर.

म्हणून मी वाळत चालले, संध्याकाळी ताप यायला लागला, तेव्हा कुठल्याही डॉक्टरच्या आधी बाबांनी सांगून टाकलं. थोडे खूषच झाले होते म्हटलं तरी चालेल. "टीबीच आहे न, मंग काहून भेतं? मी हाओ न." त्याच्याशी ते कधी हरले नव्हते. आता हा दुसराच कोणी निघाला. याला सुटी नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मानेवाड्याला घरी. बाबा सोबत आले आहेत, पत्र्याची पेटी घेऊन. मी नको म्हटलं नाही, कारण मला वाकून बादली उचलता येत नाही.

माझं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, एक गॅलरी. संडासाचं दार थेट खोलीत उघडतं. प्लॅस्टिकचं दार. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. एकटी होते तेव्हा हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता आत गेले की नळ सोडते. बाबा बाहेर पेपर मोठ्याने वाचतात. दोघंही नाटक करतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

किती वेळा गेले ते मोजणं आज सोडलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

खिचडी करपली. बाबा गॅसच्या शेजारी पाट टाकून बसले होते तरी कळलं नाही. जिन्यात वास गेला, खालून घरमालकीण अंजनाबाई धावत आल्या. बाबा म्हणाले, "मले कायचा कळते वास!" डिझेलच्या पंपांनी त्यांचं नाक कधीच गेलं आहे. आई असताना दूध उतू गेलं तरी ते शेजारी बसून बिडी प्यायचे. आई चिडायची. मीही आज चिडले. वरची खिचडी काढून खाल्ली. मऊ भात, मुगाचं पाणी, दुधी. दुधीच्या बिया काढून.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दवाखाना. वाईट बातमी शांतपणे सांगायची डॉक्टरांची पद्धत आहे, ती मला आवडते आणि भीतीही वाटते.

जिथे कापलं त्याच्या वर अजून एक भाग सुजलेला आहे. तो काढला नाही. सगळंच काढत बसलं तर खाल्लेलं पचवायला काय उरणार? गोळ्यांनी सूज उतरवायची. स्टेरॉइड. रोज, न चुकता, आणि मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. वरचा भाग आवळला तर पुन्हा ऑपरेशन. मी विचारलं, असं किती वेळा कापता येतं? ते म्हणाले, त्याचा विचार आत्ता नको.

मी रिक्षात तोच विचार करत आले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बाबांनी स्टूल ओढलं आणि समोर बसले. "गिळ. तोंड उघड. जीभ उचल."

मी म्हटलं, बाबा, मी कोर्टात स्टेनो आहे, वस्तीतली पेशंट नाही.

"उचल वं."

उचलली.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी आजच्या दिवशी पांढरे कपडे घालून बाबा बाहेर पडतात. आज मला एकटीला सोडवेना म्हणून घरीच मेणबत्ती लावली, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसले. वंदना म्हणताना खोकल्याने दोनदा थांबले. मी म्हटलं, दाखवा कोणाला तरी. म्हणाले, "खाणीतला खोकला आहे. पेन्शनसारखा. मरेलोक चालू राह्यते."

१५ डिसेंबर, रविवार

मेघा आली होती. ती माझ्या शेजारच्या कोर्टात स्टेनो. सध्या माझं कामही तीच ओढते आहे. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "अगं, किती छान भरलीस!"

ती गेल्यावर आरशात नीट पाहिलं. चेहरा फुगून गोल झाला आहे. गाल डोळ्यांवर चढले आहेत. ओठावर लव, हनुवटीवर पुरळ. आणि खाली हातपाय काड्या. हे मी नाही. कोणीतरी माझे कपडे घालून उभं आहे.

तिने संत्री आणली होती, काटोलकडची. मला चोथा चालत नाही. एक फोड तोंडात धरून नुसता रस ओढला आणि सालपट थुंकून दिलं. बाबांनी दुसरीकडे पाहिलं.

१८ डिसेंबर, बुधवार

आज गोळी गिळली नाही. गालाच्या मागे, अक्कलदाढेजवळ धरली. बाबा म्हणाले, जीभ उचल. उचलली. खाली काही नव्हतं. मग संडासात जाऊन थुंकली.

फार हुशारी केल्यासारखं वाटलं. धोंडबाला हे सुचलं नव्हतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आजही. चेहरा उतरला का ते बघते आहे. इतक्या लवकर कुठला उतरतो! पण पाहिजे मला माझा चेहरा. पोटाचं पोट पाहील.

२३ डिसेंबर, सोमवार

काल रात्रीपासून हातपाय गळाल्यासारखे, उलट्या, उठलं की अंधारी. बाबांनी नाडी धरली आणि माझ्याकडे पाहत राहिले. सकाळी गोळी दिली. "जीभ उचल." उचलली. "आता गाल."

मी तोंड मिटून घेतलं.

ते स्टुलावर बसून राहिले. मीही बसले. गोळी विरघळून कडू झाली, तो कडूपणा घशात, नाकात. भात थंड झाला. खाली अंजनाबाईंच्या दारी भाजीवाला येऊन गेला. बाबांनी पेपर उचलला नाही, की पाय हलवला नाही. मध्येच खोकल्याची उबळ आली तेव्हा फक्त तोंड फिरवलं. मला रडू यायला लागलं आणि रडता रडता गिळली.

"पाणी पे," म्हणाले आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१ जानेवारी, बुधवार

नवं वर्ष. गोळ्या नियमित. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतो.

८ जानेवारी, बुधवार

सोमवारी कामावर रुजू झाले. सोमवार, मंगळवार दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही, म्हणून निभावलं. आज सकाळी थोडं वरण-पाणी घेतलं. तीच चूक.

साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती. अशा वेळी स्टेनो उठत नाही. जज साहेब सांगतात, मी टाइप करते, वाक्य अर्ध्यावर सोडता येत नाही. पोटात कळ आली. मी हात वर केला. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, एवढा एक प्रश्न होऊ द्या." तो प्रश्न झाला. वकिलाने लगेच पुढचा विचारला.

मी उठले तेव्हा उशीर झाला होता.

दारापर्यंत पोचले. सगळे पाहत होते, किंवा पाहत नसल्यासारखं करत होते, जे जास्त वाईट. मेघाने बाथरूममध्ये स्वतःची ओढणी दिली, कमरेला गुंडाळायला. रिक्षावाल्याने बाजूने बाहेर तोंड काढूनच गाडी चालवली. मानेवाड्यापर्यंत.

बाबांना सांगितलं नाही. कपडे बादलीत भिजवून ठेवले. त्यांनी बादली पाहिली.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी थंडीने जाग आली. बाबांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, गॅलरीचं दार सताड. उत्तरेचं वारं आत. मी म्हटलं, बंद करा, गारठून मरीन. म्हणाले, "राहू दे उघडं. घरात हवा पाहिजे."

कालच्या दिवसानंतर घरात हवा पाहिजे.

समजलं मला.

१३ जानेवारी, सोमवार

आता ते गॅलरीत झोपतात. या थंडीत. आणि घरात वावरताना दुपट्टा नाकातोंडावरून गुंडाळतात. गोळी द्यायला येतात तेव्हाही. स्टूल लांब, दारापाशी ठेवतात. तिथूनच म्हणतात, जीभ उचल.

मी दिवसातून दोनदा डोक्यावरून अंघोळ करते. फिनाइलची बाटली संपली. तरीही दुपट्टा सुटत नाही.

आईला कधी वास आला नसता. आला असता तरी तिने दाखवला नसता.

१५ जानेवारी, बुधवार

शेवटी मी बोललेच. म्हटलं, एवढा त्रास होत असेल तर जा उमरेडला. माझं मी बघीन.

दुपट्ट्याआडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. 

१७ जानेवारी, शुक्रवार

गेले.

पेटी भरलेलीच होती. मी चहा केला तर घेतला नाही. "उमरेडले काम आहे थोडं. गोळ्या चुकवजो नको." मी विचारलं, परत कधी? "पाहू."

आणि स्वतःचं ताट, वाटी, पेला धुऊन पिशवीत घातला. सोबत नेला! त्यांच्या ताटाला माझा हातही लागलेला नको, इतकं. मी जिन्यात उभी होते. त्यांनी मागे पाहिलं, हात वर केला, दुपट्टा तसाच.

बापाला लेकीची किळस येते हे लिहिताना हात थांबत नाही. याचंच आश्चर्य वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

रोज सकाळी फोन. "घेतली?" "घेतली." एवढंच. आज उचलला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा ती कळ. बेंबीच्या वर. आधी गुरगुरतं, मग पोट दगडासारखं होतं, मग ओकारी. ओळखीची वाट आहे. मेघा सोबत आली रामदासपेठेला. सलाईन, एक्स-रे, स्कॅन.

फोनवर बाबांचे कॉल साचले आहेत. केला नाही परत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वरचा भाग आवळतो आहे. गोळ्या पुरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचा विचार करू. महाग आहे, पण सरकारी योजनेत बसवायचा प्रयत्न करू. लवकर चालू झालं तर दुसरं ऑपरेशन टळू शकतं. उशीर झाला तर सांगता येत नाही.

पण ते शरीराची राखण काढून घेतं, म्हणून आधी टीबी कुठे दडून बसलेला नाही ना हे पाहावं लागतं. रक्त दिलं. मला हसू आलं — त्याच टीबीने माझं आख्खं वर्ष खाल्लं आणि तो कधी नव्हताच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पॉझिटिव्ह.

फुफ्फुसं स्वच्छ आहेत. म्हणजे मी आजारी नाही, पण जंतू आत शिरला आहे, झोपून आहे. इंजेक्शन दिलं तर उठेल. म्हणून आधी त्याच्या गोळ्या, आणि इंजेक्शन पुढे. किती पुढे? निदान महिना, कदाचित जास्त. तोवर पोटाने साथ दिली पाहिजे.

डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत टीबीच्या कोणाजवळ होतात का? घरात कोणी? मी म्हटलं, नाही, मी आणि वडीलच, आणि ते तर...

बोलता बोलता थांबले.

खिडक्या उघड्या. तोंडाला कापड. झोपायचं वेगळं, हवेत. आमच्या अंगणात ते प्रत्येक नव्या पेशंटला हेच सांगायचे! मी दात घासत ऐकायची. पाठ होतं मला. ताटाने पसरत नाही हेही सांगायचे, बायकांना खास बजावायचे, नवऱ्याचं ताट वेगळं करू नका, त्याला वाईट वाटते. आणि स्वतःचं ताट उचलून घेऊन गेले.

आणि नाक! त्यांना वास येतच नाही. करपलेली खिचडी कळत नाही त्या माणसाला. इथेच, याच वहीत मी लिहिलं आहे. मग मी कसं विसरले? मला विसरायचंच होतं का?

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी फोन उचलला नाही म्हणून शामलाआत्याला केला. ती त्यांच्या शेजारीच राहते. आधी उडवाउडवी केली. मग रडली.

"तुले सांगू नको म्हने. पोरगी आधीच मरून राहिली, तिले अजून काय सांगू म्हने. गेल्या महिन्यात बेडका तपासला. निघाला न वं. दवाखान्यातल्या बाईनं इचारलं घरी कोन कोन आहे, तं म्हने एकटाच हाओ."

एकटाच आहे! दुसऱ्यांच्या घरी जाऊन एकेका लेकराचं नाव लिहून घेणारा माणूस. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाल्याशिवाय कोणाला सोडायचे नाहीत. आणि माझं नाव लपवलं. मला कळलं तर मी घाबरीन म्हणून, की मला दिला हे त्यांना स्वतःलाच ऐकायचं नव्हतं म्हणून? नोव्हेंबरपासून खोकत होते. कोणी दुसरा इतके दिवस खोकला असता तर हात धरून नेलं असतं त्याला. स्वतःच्या बाबतीत खाणीचं नाव पुढे केलं. राग येतो आहे. चौदा नोव्हेंबरचं पान उघडून वाचलं. तरी येतो आहे.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"कोनं सांगतलं?"

"माझ्या रिपोर्टनं."

ते खोकले. मग, "तुले लागला?"

मी सांगितलं, आजार नाही, नुसता आत आहे. गोळ्या घ्यायच्या. इंजेक्शन तेवढं थांबलं.

"माह्याच्यानं."

मी म्हटलं, बाबा, मले वाटलं तुम्हाले माझा वास येऊन राहिला. म्हणून दुपट्टा, म्हणून खिडक्या.

"कायचा वास?" ते म्हणाले. खरंच त्यांना कळलं नाही मी काय विचारते आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळचा व्हिडिओ कॉल ठरला. आत्याच्या पोराचा जुना फोन त्यांच्याकडे ठेवला आहे. आधी मी माझ्या गोळ्या घेते, ते पाहतात. जीभ, गाल, दोन्ही. मग ते घेतात, मी पाहते. मी पहिल्यांदा म्हटलं, "जीभ उचला," तर ते इतके हसले की खोकला लागला.

पडद्यात चेहरा फार लहान दिसतो. गालफडं बसली आहेत. आम्ही दोघं मिळून एक धड चेहरा होऊ.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माझं पोट रोज फुगतं. पातळ पेज सुद्धा अडते. डॉक्टर म्हणतात, ओकारी थांबली नाही तर थेट निघून या, वाट पाहू नका. बॅग भरून दारापाशी ठेवली आहे. मेघाने बाबांचा नंबर तिच्या फोनमध्ये घेतला.

२ मार्च, रविवार

आत्या सांगत होती, बाबा धड जेवत नाहीत. गोळ्यांनी मळमळतं म्हणतात. धोंडबा येऊन बसतो त्यांच्याजवळ, त्याच्याशीही बोलत नाहीत. अंगणात खाट टाकून भिंतीकडे तोंड.

कॉलवर मात्र नीट बसले होते, केस विंचरून. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर जिंकलेला माणूस आहात याच्यापुढं. एकदा झाला, बरा झाला, आता परत बरा होईल. सुटी झाली की मटण मी रांधते.

"तुले कवा सुटी?" त्यांनी विचारलं.



५ मार्च, बुधवार

आज ते फार बोलले. त्यांच्या मानाने.

"इतक्या लोकायच्या तोंडात पाहून पाहून हे आनलं मी घरात, दीप्ती. लोक बरे झाले. तुह्यं इंजेक्शन थांबलं माह्याच्यानं. तुह्यं पोट परत कापलं तं तेही माह्याच्यानं. मी हाओ तोपर्यंत तुले धोकाच आहे."

मी रागावले. म्हटलं, गोळ्या दोन महिने घेतल्या की कोणाला लागत नाही, हे तुम्हीच शिकवलं ना वस्तीला? म्हणाले, हो. मग म्हणाले, "आता तू आराम कर. ठेवतो."

ठेवल्यावर आठवलं, आज त्यांनी जीभ दाखवली नाही. बोलण्यात मी विसरले. की त्यांनी विसरायला लावलं?

७ मार्च, शुक्रवार

दोनदा ओकारी. मग थांबली. बॅग दारापाशीच.

बाबा कॉलवर होते, पण फोन असा तिरपा धरला होता की अर्धं तोंड दिसत होतं. घेतल्या म्हणाले.

९ मार्च, रविवार

सकाळी माझ्या गोळ्या झाल्या. जीभ, गाल. मग त्यांच्या. तळहातावर घेऊन दाखवल्या, तोंडात टाकल्या, पेला वर केला. "झालं न वं."

मी म्हटलं, फोन सरळ धरा. जीभ उचला.

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उचलली.

एक लाल गोळी तिथेच होती.

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, स्टूल ओढलं, आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.